वर चढायचं की खाली उतरायचं?

महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्या जुन्या माणसाकडे पुराचा विषय काढलात, तर तो आधी भिंतीवरची रेघ दाखवतो. २००५ चं पाणी इथपर्यंत, २०२१ चं इथपर्यंत. पाणी चढू लागलं की सामान माळ्यावर आणि माणसं वरच्या मजल्यावर, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याच तालुक्यात डोंगराच्या कुशीत वसलेल्या वाडीत मात्र त्याच रात्री माळ्यावर चढून बसणं जिवावर बेतू शकतं. तिथे घर सोडायचं, उताराच्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि मोकळी सपाटी गाठायची.

पाऊस तोच, तालुका तोच, रात्रही तीच. एकाने चढायचं आणि दुसऱ्याने उतरायचं. म्हणूनच सगळ्यांना सारखीच वाटली जाणारी ‘टॉर्च, काडेपेटी, बिस्किटं, औषधं’ ही यादी मला नेहमी अपुरी वाटते. यादीत चूक काहीच नाही, पण ती दुसऱ्या पानावर यायला हवी. पहिल्या पानावर हवा एकच प्रश्न: आपलं घर नेमकं कशाच्या वाटेत आहे, आणि काय दिसलं की आपण हलायचं?

रायगड जिल्ह्याचं दक्षिण टोक, म्हणजे महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके, हा प्रश्न समजून घ्यायला फार चांगले. इथे सगळं एकाच ताटात वाढलेलं आहे. सावित्रीचा पूर, सह्याद्रीच्या दरडी, जूनच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात पडणाऱ्या विजा. समुद्र लांब असला तरी वादळाचा वाराही चुकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा पत्रे आणि कौलं पार माणगाव-महाडपर्यंत उडाली होती.

म्हाताऱ्या पावसाचे पंधरा दिवस

काही तारखा एकाखाली एक लिहून बघा. २५-२६ जुलै २००५: महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसं गेली. ३० जुलै २०१४: पुणे जिल्ह्यातलं माळीण, १५१ माणसं. २ ऑगस्ट २०१६: महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल रात्री वाहून गेला, त्यासोबत दोन एसटी बस आणि इतर गाड्या. २२ जुलै २०२१: महाड शहरात पूर, तळियेत दरड, पोलादपूरमध्ये केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी. १९ जुलै २०२३: खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी.

सगळ्या तारखा १९ जुलै ते २ ऑगस्ट या पंधरवड्यातल्या आहेत. पाच तारखांवरून नियम बांधता येत नाही, हे मान्य. तरी यामागे कारण आहे. जुन्या माणसांच्या भाषेत तरणा पाऊस सरून म्हातारा लागतो तो हाच काळ. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. एक जाड गोधडी वलणीवर टाकून तिच्यावर पाणी ओतत राहिलात, तर सुरुवातीला ती ते सगळं पिऊन घेते. मग थेंब गळायला लागतात. शेवटी ओताल तेवढं पाणी सरळ खाली येतं, आणि भिजलेल्या गोधडीच्या वजनाने वलणीची दोरी तुटायला येते. डोंगरावरच्या मातीचं हेच होतं. जूनमधला दीडशे मिलिमीटर पाऊस ती पिऊन टाकते. जुलैच्या अखेरचा तेवढाच पाऊस तिला पेलवत नाही. म्हणजे ‘आज किती पडला’ हा अर्धाच प्रश्न आहे. ‘गेल्या आठ-दहा दिवसांत किती मुरला’ हा दुसरा अर्धा.

मिलिमीटर म्हणजे नक्की किती?

बातमीत ‘शंभर मिलिमीटर पाऊस’ असं ऐकलं की डोळ्यांपुढे बोटभर पाणी येतं. हिशेब गुंठ्यात करून बघा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आपण ज्याची वाट बघतो तो मोठा टँकर एका गुंठ्यावर रिकामा केल्यासारखं.

आता २२ जुलै २०२१ ची सकाळ ते २३ जुलैची सकाळ. महाबळेश्वरला या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दर गुंठ्याला सहा टँकर, एकराला दोनशे चाळीस. सावित्रीच्या खोऱ्यात एकर किती, हा हिशेब करायला माझा हात धजत नाही.

सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरलाच. तिथून कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेला जातात, तर सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आणि महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. दोहोंत सरळ रेषेतलं अंतर तीसेक किलोमीटर. सांगली-शिरोळकडे कृष्णेचा पूर दिवसादिवसाने चढतो, लोक पायरी-पायरी मोजत बसतात आणि मग तो आठवडाभर हलत नाही. महाडचा पूर तासातासाने चढतो. संध्याकाळी ‘बघू सकाळी’ म्हणून झोपायला सांगलीत कदाचित वेळ असेल. इथे नसतो.

त्यात भर भरतीची. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबतं थेट महाडपर्यंत येत, इतकी ही नदी खाली खाडीसारखी सपाट आहे. गावाजवळच तिला गांधारी येऊन मिळते. डोंगरातून धावत आलेलं पाणी इथे एकदम मंदावतं, सोबतची माती-दगडगोटे टाकून देतं आणि पात्रात गाळाची बेटं तयार होतात. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर पुढचं दारच बंद.

कोकणातल्या कोळ्याला घड्याळाची गरज नसते, त्याला तिथी पुरते. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बराच जुळतो. खाडीतून आत चढायला भरतीला आणखी वेळ लागतो, म्हणून महाडकराने त्यात थोडी भर घालावी. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, म्हणजे लहान. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची उधाणाची, म्हणजे मोठी. २२ जुलै २०२१ ही आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. उधाण जवळ, आणि वरून महाबळेश्वरचा तो पाऊस. दिनदर्शिका भिंतीवर असतेच. जुलै-ऑगस्टच्या पानांवर पौर्णिमा आणि अमावास्येच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन दिवस लाल पेनने गोल करून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

डोंगर आधी काय सांगतो

पूर निदान दिसतो तरी. दरड अचानक येते असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. खाली काळा कातळ, त्यावर कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि वर लाल माती, अशी ही थरांची बांधणी. पाणी मातीतून मुरत खाली जातं आणि कातळावर अडतं. तिथे साचलेलं पाणी वरच्या थराला आतून उचलायला लागतं. कातळ आणि माती यांच्यामधली पकड ढिली पडते आणि सगळा थर एका दमात सुटतो.

सुटण्याआधी काही वेळा खुणा दिसतात. डोंगराच्या अंगावर किंवा अंगणात नवी भेग. सरळ उभं असलेलं झाड किंवा विजेचा खांब कललेला. कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं. जिथे कधी झरा नव्हता तिथून पाणी फुटतं, किंवा नेहमीचा झरा एकदम गढूळ होतो. यातली सगळ्यांत वाईट खूण लोकांना उलट चांगली वाटते, म्हणून ती वेगळी सांगतो: पाऊस कोसळतोय आणि घराजवळच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी अचानक कमी झालं. ‘चला, ओसरलं’ असं वाटतं. खरं तर वर कुठेतरी माती-झाडांचा बांध पडून पाणी अडलेलं असू शकतं. तो बांध फुटला की सगळं एकदम येतं. अशा वेळी सामान बघायचं नाही, पऱ्यापासून दूर व्हायचं. पळायचं तेही पऱ्याच्या काठाने सरळ खाली नव्हे, आडवं, बाजूच्या उंचवट्याकडे. वरून येणाऱ्या चिखलाशी शर्यत कोणी जिंकत नाही.

घर बांधताना किंवा रस्ता काढताना डोंगराचा पाय कापलेला असेल, मागच्या बाजूला उभी भिंतच झाली असेल, तर धोका आणखी वाढतो. त्या कापलेल्या भिंतीकडच्या खोलीत पावसाळ्यात कोणी झोपू नये, एवढं तरी आजच करता येईल. अंथरुणं पुढच्या पडवीत आणायची. हा काही पक्का उपाय नव्हे, पण लहान दरडी बहुधा मागची खोलीच घेतात.

सरकारकडे दरडप्रवण गावांच्या याद्या असतात, आणि त्या उपयोगाच्याही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती. यादीत नाव असेल तर सावध राहायचं. नाव नसेल म्हणून निर्धास्त झोपायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’

हा शब्दप्रयोग ऐकला की माणूस मनातल्या मनात म्हणतो, २०२१ ला येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचं. अर्थ तसा नाही. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता असलेला पूर. सोंगट्यांच्या खेळात एकदा सहा पडले की पुढच्या वेळी पडणार नाहीत, असं फासा ठरवत नाही. त्याला मागचं आठवत नसतं. दर वर्षी एक टक्का ही शक्यता तीस वर्षं साठत गेली, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारातली एक. तीस वर्षं म्हणजे एका घराचं कर्ज फिटून पोरांची लग्नं होईपर्यंतचा काळ. चारातली एक म्हटलं की तो पूर एकदम ओळखीचा वाटायला लागतो. शिवाय हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवरचं असतं. आता पाऊसच पूर्वीसारखा पडत नाही.

हवामान विभागाच्या रंगांचंही थोडं असंच आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो ‘जोरदार’, ११५.६ च्या वर ‘अति जोरदार’, २०४.५ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण रंग बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याला दिलेला असतो, आणि रायगड जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलेला आहे. उरणला ऊन आणि पोलादपूरला ढगफुटीसारखा पाऊस, हे एकाच लाल रंगात बसतं. त्यामुळे लोक दोन-तीनदा फसतात आणि चौथ्या वेळी रंगाकडे बघतच नाहीत. रंग खोटा नसतो. तो तुमच्या वाडीचा नसतो इतकंच.

तुमच्या वाडीचा पाऊस तुम्हालाच मोजावा लागेल, आणि ते फार सोपं आहे. सरळ भिंतींचा, वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा एक डबा अंगणात मोकळ्या जागी विटांमध्ये घट्ट बसवायचा. झाडाखाली नको, पागोळीखाली तर नकोच. रोज सकाळी साडेआठला आत शाळेची पट्टी उभी धरायची. पाणी पाच सेंटिमीटर असेल तर पन्नास मिलिमीटर. आकडा दिनदर्शिकेच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. सरकारी पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो, त्यामुळे तुलना करता येते. हे काम घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलीला दिलंत तर एक दिवस चुकणार नाही. दोन पावसाळ्यांत तुम्हाला कळेल की किती आकडा झाला की तुमचा पऱ्या रस्त्यावर येतो. हे ज्ञान कुठल्याही ॲपमध्ये नाही.

घराची खूण

आता मुख्य मुद्दा. रात्री दोन वाजता, वीज गेलेली, पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अशा वेळी घरातली चार माणसं विचारविनिमय करून योग्य निर्णय घेतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. कोणी म्हणतं थांबू, कोणी म्हणतं गुरांचं काय, म्हातारी म्हणते मी नाही हलणार. तास जातो. निर्णय आधीच झालेला असला पाहिजे. मे महिन्यात, आंबे खाता खाता, भांडून झालं तरी चालेल, पण झालेला.

निर्णय असा असावा की त्यात चर्चेला जागाच उरू नये. नदीकाठच्या घरासाठी: देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आजी आणि लहान मुलं मामाकडे, पाचव्या पायरीला लागलं की सगळे. खूण तुमच्या घरापेक्षा सखल जागी हवी आणि खिडकीतून दिसणारी हवी, म्हणजे बघायला पाण्यात उतरावं लागणार नाही. डोंगराकडच्या घरासाठी: डब्यात संध्याकाळपर्यंत अमुक इतकं पाणी आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर त्या रात्री झोपायचं शाळेत किंवा सपाटीवरच्या भावकीत. भेग दिसली किंवा पऱ्या आटला तर डबा न बघता निघायचं. अमुक म्हणजे किती, हे मी इथून सांगू शकत नाही. सांगितलं तर ते पाप होईल. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोला, जुन्या दरडी कुठे पडल्या ते विचारा, तलाठ्याकडे मंडळाच्या पावसाच्या नोंदी बघा आणि आपला आकडा थोडा खालीच धरा.

खाली धरलात की फुकट हेलपाटे होणार. हा हिशेब उघड मांडलेला बरा. समजा मोसमात पाच वेळा निघालात आणि पाचही वेळा काही झालं नाही. पाच रात्री शाळेच्या फरशीवर, डास, अवघडलेली कंबर, सकाळी लोकांची थट्टा. ही किंमत आहेच. ती एका बाजूला, आणि सहाव्या रात्री घरात असणं दुसऱ्या बाजूला. लोक निघत नाहीत ते मूर्ख म्हणून नव्हे. गुरं असतात, कुलूप नसलेलं घर असतं, आणि दर वर्षी जूनमध्ये हातात नोटीस पडते की ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’, पण ते स्थळ कुठलं आणि तिथे संडास आहे का, हे त्या कागदावर बहुतेक वेळा नसतं. म्हणून आपलं स्थळ आपणच ठरवायचं आणि उजेडात एकदा तिथपर्यंत चालून यायचं. वाटेत साकव किंवा ओढ्यावरची फरशी लागते का? लागत असेल तर ती वाट रद्द. वाहतं पाणी नुसतं घोट्याच्या वर असलं तरी माणसाचा पाय सुटू शकतो, गुडघाभर पाण्यात गाडी हलायला लागते. निघताना गुरांची दावी सोडायची, ती आपली वाट बऱ्याचदा आपल्यापेक्षा बरी शोधतात. दाव्याला बांधलेलं जनावर मात्र हमखास जातं.

कोकणातल्या घरांची आणखी एक अडचण आहे. घरात कोण असतं? आई-वडील, सत्तरीच्या पुढचे. मुलगा-सून मुंबईत, सुरतेला किंवा पुण्याला. चाकरमानी गणपतीला येतो, आणि हा धोक्याचा पंधरवडा गणपतीच्या आधी सरतो. त्यामुळे कागदावर पाच माणसांचं असलेलं घर जुलैच्या रात्री दोन म्हाताऱ्यांचं असतं, त्यातल्या एकाचे गुडघे गेलेले. मुलगा टीव्हीवर बातमी बघून आईला फोन करतो, आई म्हणते, ‘काही नाही रे, पडतोय नेहमीसारखा, तू जेवलास का?’ या फोनवर विसंबू नका. वाडीतल्या एखाद्या तरण्या पोराशी आधीच बोलून ठेवा: खूण दिसली की तुझ्या दुचाकीवर आमच्या आईला खालच्या आळीत सोडायचं. त्याचा नंबर, त्याच्या शेजाऱ्याचा नंबर आणि पोलीस पाटलांचा नंबर तुमच्याकडे हवा. त्याला गणपतीत काय आणायचं ते तुम्ही बघा.

आगोट

तयारी हा शब्द आपल्याला सरकारी वाटतो, पण कोकण पिढ्यानपिढ्या ती करत आलं आहे. तिला आगोट म्हणतात. मिरग लागायच्या आत सुकी मासळी, मसाला, कांदे, डाळी, मीठ, सरपण भरून ठेवायचं, पत्रे आणि कौलं बघायची, पागोळीचं पाणी जायला चर काढायचा. आगोटीत चार गोष्टी वाढवल्या की झालं.

पहिली, कागद. सातबारा, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, वीजबिल हे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्या सगळ्यांचे फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनमध्येही. डिजिलॉकरमध्ये आधार वगैरे ठेवता येतं, ते करून टाका. घराचे चारही बाजूंनी आणि आतून, गोठा आणि गुरांसकट फोटो जूनमध्येच काढा. पुढे पंचनाम्याच्या वेळी ‘इथे गोठा होता’ हे तोंडाने सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं जातं.

दुसरी, पाणी. पूर आला की पाणी चहूकडे असतं आणि पिण्याचं नेमकं नसतं. माणशी रोजचे तीन लिटर नुसते पिण्यासाठी धरले, तर पाच माणसांना तीन दिवसांना पंचेचाळीस लिटर, म्हणजे झाकण लावलेले तीनेक हंडे, माळ्यावर. सोबत मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनची, बाटली.

तिसरी, वीज आणि गॅस. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला अंधारात सापडलं पाहिजे. पाणी उंबऱ्याशी यायच्या आत तो बंद. पाणी घरात शिरल्यावर पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून टाकी दोरीने बांधा, नाहीतर ती तरंगत फिरते.

चौथी म्हणजे रोजची औषधं. रक्तदाबाची, साखरेची, पंधरा दिवसांची जास्त. ही गोष्ट टॉर्चच्याही आधी, कारण टॉर्च शेजाऱ्याकडे मिळते, आईची गोळी मिळत नाही.

विजांसाठी ‘दामिनी’ हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता ते सांगतं. भातलावणीला गेलेल्या माणसाने गडगडाट ऐकला की झाडाखाली नव्हे, घरात जायचं. इतकं सोपं आहे, आणि तरी दर वर्षी माणसं झाडाखालीच जातात.

फोन चालू असेल तर ११२ कुठूनही लागतो, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. पण ‘असेल तर’ या शब्दांवर जरा थांबा. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही जाते. माळीण गाडलं गेल्याचं बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं ते सकाळी तिथून गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गावच दिसलं नाही. तळियेत दरड कोसळली २२ जुलैच्या संध्याकाळी, आणि महाड पाण्याखाली, रस्ते दरडींनी बंद, त्यामुळे बचाव पथकं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. ज्या पावसाने तुमचं घर धोक्यात येतं त्याच पावसाने मदतीचा रस्ताही तुटतो. पहिले चोवीस तास वाडीच वाडीची असते. म्हणून देवळातली घंटा सलग वाजली तर त्याचा अर्थ काय, हे वाडीने ठरवून ठेवावं. एरवी आरतीला वाजते तशी नव्हे, न थांबता.

शेवटी परत फिरण्याबद्दल, कारण त्यावर कोणी फारसं बोलत नाही. सकाळी ऊन पडतं, गुरं हंबरत असतात आणि पाय आपोआप घराकडे वळतात. पूर ओसरला असेल तर घरात शिरताना पायात गमबूट हवेत. चिखलात काच असते, साप असतात, आणि उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टो होतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आधी सांगा. साप चावला तर कापाकापी नाही, करकचून बांधणं नाही. माणसाला न चालवता थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडेपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं. वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही.

डोंगराकडच्यांनी आणखी थांबायचं. पाऊस उघडला तरी वर मुरलेलं पाणी अजून कातळावरून खाली सरकत असतं, त्यामुळे उघडीप मिळाल्यावरही दरड येऊ शकते. उजेडात दोन-तीन जाणती माणसं वर जाऊन भेगा बघून येईपर्यंत, पऱ्याचं पाणी पुन्हा स्वच्छ वाहायला लागेपर्यंत, शाळेतच राहायचं. चहा तिथेही होतो.